जुनी जपानी मोटारसायकल जागी करताना: पाना, पेन्सिल आणि एक वही

सीटखालच्या हत्यारांच्या कप्प्यात, प्लगच्या पान्याखाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक छोटी वही होती. गाडी अकरा वर्षं एका छपराखाली उभी होती. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला होता, मागचा ब्रेक धरून बसला होता, एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं घर केलं होतं. वही मात्र धड होती. पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘डावा कार्ब्युरेटर उघडला. पायलट जेट साफ केला.’ त्याखाली: ‘उजव्या झाकणाचा मागचा खालचा स्क्रू. आटे गेले आहेत. जोर लावू नका.’

लिहिणाऱ्याला मी कधी भेटलो नाही. पण ते झाकण परत बसवताना माझा हात त्या स्क्रूपाशी येऊन थांबला, आणि झाकणाखालचं अ‍ॅल्युमिनियम फाटायचं वाचलं.

ती गाडी म्हणजे होंडा सीबी ३५०, दोन सिलिंडरची, ३२५ सीसीची. तिला उठवताना आणि नंतर सांभाळताना जे हाताला कळलं ते इथं क्रमानं मांडतो. उदाहरणं बरीचशी तिचीच आहेत, पण साठच्या दशकापासून ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंतची कोणतीही होंडा, यामाहा, सुझुकी किंवा कावासाकी घेतलीत तरी क्रम फारसा बदलत नाही. या गाड्यांचे बरेच सुटे भाग शोधले तर अजून मिळतात. मिळत नाही ती त्या एका गाडीवर आजवर काय काय झालं याची आठवण. ती आपणच लिहून ठेवायची असते, आणि ते काम पहिल्या दिवशीच सुरू करावं लागतं.

घेताना काय बघावं

चालू गाडीपेक्षा पूर्ण गाडी घ्या. बंद पडलेली पण सगळे भाग जागेवर असलेली गाडी, चालणाऱ्या पण अर्धे भाग इकडचे तिकडचे लावलेल्या गाडीपेक्षा कधीही बरी. पिस्टन, रिंगा, गॅस्केट, बेअरिंग यांची सोय होते. जीव खातात ते दिसायला किरकोळ भाग: बाजूची झाकणं, त्यांवरची नावाची पट्टी, मूळ सायलेन्सर, टाकीचं झाकण, मीटरच्या तबकड्या. सायलेन्सर आतून गंजतो, म्हणून वरचं क्रोम बघून समाधान मानू नका. खालच्या बाजूनं बोटानं दाबून बघा.

इंजिन फिरतं का ते बघा. फिरत नसेल तरी घाबरू नका, पण किंमत ठरवताना ते जाम आहे असंच धरून चाला.

पहिलीच जुनी गाडी असेल तर एक किंवा दोन सिलिंडरची घ्या. १९६९ साली आलेल्या होंडा सीबी ७५० नं चार सिलिंडर, पुढचा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि सेल्फ स्टार्टर हे सगळं एका गाडीत सामान्य चालकाच्या हाती दिलं. १९७२ च्या कावासाकी झेड१ नं ९०३ सीसी आणि दोन ओव्हरहेड कॅम आणले. दोन्ही गाड्यांवर जीव जडावा अशाच आहेत, पण त्यांत चार कार्ब्युरेटर असतात, आणि चार कार्ब्युरेटरचा सूर एकत्र जुळवणं हे शिकण्याच्या पहिल्या वर्षाचं काम नाही.

फ्रेमवरचा नंबर आणि इंजिनवरचा नंबर दोन्ही लिहून घ्या, कागदपत्रांशी ताडून बघा. इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे. त्या काळच्या होंडात हे दोन नंबर मुळातच वेगवेगळे असायचे, त्यामुळे जुळत नाहीत म्हणजे इंजिन बदललंय असं होत नाही. यामाहाच्या बऱ्याच टू-स्ट्रोक गाड्यांत मात्र ते जुळतात. नंबरवर घासल्याच्या किंवा परत ठोकल्याच्या खुणा असतील, तर भाव कितीही चांगला असो, तिथून निघून या.

पाना उचलण्याआधी

पहिला दिवस फोटोंचा. चारी बाजूंनी, वरून, खालून, सीट काढून. प्रत्येक केबल कुठून कुठं जाते ते. हेडलाइटच्या वाटीतला तारांचा गुंता तीन कोनांतून. तीन महिन्यांनी क्लचची केबल हँडलच्या पुढून की मागून, हा प्रश्न पडणारच आहे.

मग कारखान्याचं सर्व्हिस मॅन्युअल आणि पार्ट्सची यादी मिळवा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात. पार्ट्सच्या यादीतली सुटी सुटी मांडलेली चित्रं बघून कोणता वायसर कुठल्या बाजूला ते कळतं, आणि मॅन्युअलमधून मापं. होंडाचा पार्ट नंबर वाचायला शिका. तो तीन तुकड्यांत असतो: पहिला तुकडा भाग कोणता ते सांगतो, मधला तो भाग आधी कोणत्या मॉडेलसाठी बनला ते. मधले आकडे ३०० असले तर तो भाग मूळचा पहिल्या सीबी ७५० चा, २८६ असले तर सीबी ३५० चा. हे कळलं की शोध सोपा होतो, कारण एकच रबर किंवा एकच बेअरिंग दहा मॉडेलांत वापरलेलं असतं आणि ते भलत्याच गाडीच्या नावाखाली पडून असतं.

स्क्रूचं प्रकरण

जुन्या जपानी गाडीच्या इंजिनावर कुरतडलेले स्क्रू दिसले की लोक म्हणतात, लोखंड मऊ आहे. खरी चूक बहुतेक वेळा हत्याराची असते. ते स्क्रू जपानी मापाचे, म्हणजे जेआयएसचे आहेत. दिसायला नेहमीच्या फिलिप्ससारखेच, पण खाचेचा आकार थोडा वेगळा. फिलिप्सचं टोक त्या खाचेत तळापर्यंत पोचत नाही, वरच्या कडांवरच टेकतं, आणि जोर दिला की वर उसळून खाच खातं. जेआयएसचा स्क्रू ड्रायव्हर त्याच खाचेत घट्ट बसतो; हात सोडला तरी कधी कधी तसाच उभा राहतो. बऱ्याच जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर खाचेशेजारी एक बारीक टिंब असतं, ते बघून ओळखता येतं.

दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरचे दोन चांगले जेआयएस ड्रायव्हर आणि हातोडीनं ठोकायचा एक इम्पॅक्ट ड्रायव्हर, एवढं घेतल्याशिवाय एकाही झाकणाला हात लावू नका. अडलेल्या स्क्रूसाठी क्रम असा: आधी मुरणारं तेल टाकून रात्रभर ठेवा. सकाळी ड्रायव्हर खाचेत बसवून वरून हातोडीचे दोन-तीन सरळ ठोके द्या, म्हणजे आट्यांमधला गंज सुटतो. मग इम्पॅक्ट. तरी हलला नाही तर भोवतालचं अ‍ॅल्युमिनियम गरम हवेच्या बंदुकीनं तापवा. अ‍ॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं, पकड सैल होते.

परत बसवताना हात हलका ठेवा. ६ मिलिमीटरच्या स्क्रूला अ‍ॅल्युमिनियममध्ये १ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास पुरे. तेल गळतं ते स्क्रू ढिला असल्यानं क्वचितच. बहुधा गॅस्केट जुनं असतं किंवा झाकण कुणीतरी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटलेलं असतं. प्रत्येक झाकणाचे स्क्रू काढले की पुठ्ठ्यावर त्या झाकणाचा आकार काढून जागच्या जागी खोचून ठेवा. त्यांची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी गेला की पलीकडे टेकतो, आणि आपण घट्ट होतोय असं समजून आटे घालवतो.

इंजिन: किक मारू नका

बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीला किक मारून बघायचा मोह प्रत्येकाला होतो. मारू नका. रिंग सिलिंडरला चिकटलेली असली तर तुटते, नाहीतर भिंतीवर ओरखडा काढते.

प्लग काढा. प्रत्येक भोकातून दोन-तीन चमचे पातळ तेल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग डाव्या बाजूचं अल्टरनेटरचं झाकण काढून रोटरच्या बोल्टवर पाना लावा आणि इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेनं, हळूहळू, हातानं फिरवा. अडलं तर जबरदस्ती नको. आणखी तेल, आणखी दोन दिवस. दुसरा मार्ग म्हणजे वरचा गियर टाकून मागचं चाक मागं-पुढं डोलवायचं. माझी गाडी चौथ्या दिवशी हलली. आधी केसभर, मग एकदम सबंध फेरी, आणि प्लगच्या भोकातून गंजाच्या रंगाचं तेल वर आलं.

आता जुनं ऑइल काढा. ते काढताना घाई करू नका, कारण त्यात गाडीची तब्येत वाचता येते. सीबी ३५० ला कागदी ऑइल फिल्टर नाही. उजव्या झाकणाच्या आत एक फिरती वाटी असते; इंजिनाबरोबर ती गरगर फिरते आणि ऑइलमधला जड मळ तिच्या भिंतीला फेकून चिकटवते. ती उघडली तेव्हा आत बोटभर जाड, काळा, साबणाच्या चुऱ्यासारखा थर निघाला. तो धातूनं नव्हे, लाकडाच्या पट्टीनं खरवडायचा, आणि पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली बघायचा. नुसता काळा असेल तर ते जळलेलं ऑइल आणि क्लचच्या प्लेटांची भुकटी. सोनेरी-तांबूस चमक दिसली तर एखादं बुश झिजतंय. चांदीसारखे पापुद्रे दिसले तर इंजिन उघडल्याशिवाय पुढं जाऊ नका. माझ्या गाडीत फक्त काळं होतं.

नवं ऑइल भरताना डब्यावर जासो एमए (JASO MA) असं लिहिलेलं बघा. या गाड्यांत क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो. कारसाठीची, घर्षण कमी करणारी ऑइलं घातली तर क्लच घसरायला लागतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट, थंड इंजिनावरच लावा. सीबी ३५० मध्ये इनटेकला ०.०५ आणि एक्झॉस्टला ०.१० मिलिमीटर, सीबी ७५० मध्ये ०.०५ आणि ०.०८. हे फट मोजण्याच्या पट्टीतलं सगळ्यांत पातळ पातं आहे, तेव्हा हात सवयीचा होईपर्यंत दोनदा मोजा. सीबी ३५० मध्ये नेहमीचा टॅपेटचा स्क्रू नसतो. रॉकरचा दांडाच थोडा वाकड्या केंद्राचा असतो आणि तो फिरवून फट ठरते. हे माहीत नसल्यानं कितीतरी लोक नसलेला स्क्रू शोधत बसतात.

टाकी

गंजलेल्या टाकीसाठी मी सायट्रिक अ‍ॅसिड वापरतो. आधी पेट्रोलचा डिंक काढायचा, टाकी साबणाच्या गरम पाण्यानं धुवायची, मग पेट्रोलचा कॉक काढून भोक बंद करायचं. कोमट पाण्यात पाच ते दहा टक्के सायट्रिक अ‍ॅसिड, टाकी काठोकाठ भरून एक दिवस. रिकामी केली की लगेच खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, आणि लगेच गरम हवेनं वाळवणं. इथं अर्धा तास जरी रेंगाळलात तरी पत्र्यावर पिवळा गंज परत चढतो. वाळल्यावर आत थोडं टू-टी ऑइल मिसळलेलं पेट्रोल फिरवून ठेवा.

विजेनं गंज काढायचा असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात साधी लोखंडी सळई वापरा, स्टेनलेसची अजिबात नको. तिच्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. त्यातून हायड्रोजनही निघतो, म्हणून काम उघड्यावर करा आणि जवळपास ठिणगी नको.

टाकीत आतून लेप देण्याच्या मी विरोधात आहे. काही वर्षांनी तो पापुद्रे सोडतो आणि ते पापुद्रे थेट कार्ब्युरेटरात जातात. टाकीला बारीक भोकं पडलेली असतील तर झाळकाम करून घ्या. पण त्या टाकीत कधी पेट्रोल होतं हे करणाऱ्याला आधी सांगा, आणि ती वाफेसकट स्वच्छ झाल्याशिवाय ज्योतीजवळ नेऊ देऊ नका.

कार्ब्युरेटर

बहुतेक जुन्या गाड्या इथंच हरतात, आणि बहुतेक वेळा एका केसाएवढ्या भोकापायी.

होंडात बहुधा केइहिन कंपनीचे, बाकीच्या तिघांत बहुधा मिकुनीचे. दोन कार्ब्युरेटर असतील तर एका वेळी एकच उघडा. दुसरा तुमच्यासमोरचा नमुना असतो, शिवाय डाव्या-उजव्याचे भाग मिसळत नाहीत. खालची वाटी काढली की आत हिरवट पावडर किंवा तपकिरी वार्निश दिसेल. फ्लोटची, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची, पिन काढताना हात जपा. ती ज्या दोन खांबांत बसते ते ठिसूळ असतात आणि एक मोडला की सगळं कार्ब्युरेटर गेलं. पिन कोणत्या बाजूनं निघते ते आधी बघा. न हलल्यास त्या खांबाला मागून आधार देऊनच ठोका.

मग पायलट जेट, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल पुरवणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा. याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतं आणि गाडी उभी राहिल्यावर सगळ्यांत आधी हेच बुजतं. म्हणूनच चोकवर चालणारी आणि चोक काढला की बंद पडणारी गाडी दिसली की पायलट जेटकडे बोट दाखवायचं. जेट काढा, क्लीनरमध्ये भिजवा आणि उजेडाकडे धरा. भोक गोल दिसलं पाहिजे, पूर्ण गोल. चंद्रकोर दिसली तर काम झालेलं नाही. पोलादी तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं झालं की ते जेटवरच्या आकड्याशी खोटं ठरतं. विजेच्या वायरीतला तांब्याचा एक धागा पुरतो. जेटइतकेच महत्त्वाचे कार्ब्युरेटरच्या अंगातले हवेचे आणि पेट्रोलचे मार्ग. एका बाजूनं क्लीनर मारला की तो दुसरीकडून कुठून बाहेर येतो ते बोट ठेवून शोधा. प्रत्येक मार्गाला तोंड असतं आणि शेवट असतो. जिथून काही बाहेर येत नाही तिथं अजून मळ आहे.

सीबी ३५० च्या कार्ब्युरेटरात वर रबराचा पातळ पडदा असतो. क्लीनर मारण्याआधी तो बाहेर काढा, नाहीतर फुगून परत खाचेत बसत नाही. हलक्या हातानं ताणून उजेडापुढे धरा. माझ्या डाव्या पडद्याच्या घडीत टाचणीएवढं छिद्र होतं. तेवढ्यानं त्या बाजूची स्लाइड पूर्ण वर जात नव्हती, आणि गाडी वरच्या वेगाला एका सिलिंडरवर ओढतेय असं वाटायचं.

आता माझं ठाम मत. बाजारात मिळणाऱ्या दुरुस्तीच्या किटमधली जेट आणि सुया वापरू नका. रबरी भाग घ्या, गॅस्केट घ्या, आणि जुनं पितळ साफ करून परत लावा. मूळ जेट झिजलेलं क्वचितच असतं, आणि किटमधल्या जेटवरचा आकडा आणि त्याचं खरं भोक यांचा मेळ कित्येकदा बसत नाही. जेट बदलायचंच असेल तर केइहिनला केइहिनचं आणि मिकुनीला मिकुनीचं. दोघांची आकड्यांची पद्धत वेगळी आहे.

कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधली रबरं बघायला विसरू नका. ती कडक होऊन तडकतात आणि तिथून हवा शिरते. इंजिन आयडलवर ठेवून त्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर हवा तिथूनच आत जातेय.

वीज

जुन्या जपानी वायरिंगची बदनामी झाली आहे, पण ते समजायला सोपं आहे, कारण प्रत्येक कंपनीनं रंगाची शिस्त पाळली. होंडात हिरवी तार म्हणजे अर्थ, काळी म्हणजे चावी चालू केल्यावर येणारी वीज. यामाहात काळी अर्थ आणि तपकिरी चावीची. सुझुकीत काळ्यावर पांढरा पट्टा म्हणजे अर्थ, नारिंगी चावीची. कावासाकीत काळ्यावर पिवळा पट्टा अर्थ. होंडाचं काळं समजून यामाहाच्या काळ्याला बॅटरी जोडली तर फ्यूज उडतो, आणि तो उडाला तर नशीब समजा.

सगळे जोड एकदा उघडून साफ करा. मग मीटरनं बॅटरीवरचा व्होल्ट आणि चावी चालू ठेवून, पॉइंट (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले असताना, इग्निशन कॉइलवरचा व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर वीज वाटेत हरवतेय: चावीचं स्विच, किल स्विच किंवा फ्यूजची क्लिप. ठिणगी अशक्त म्हणून लोक कॉइल बदलतात आणि दोष स्विचमध्येच राहतो.

पॉइंटची फट होंडात ०.३ ते ०.४ मिलिमीटर. पॉइंट साफ केल्यावर त्यांतून कोरा जाड कागद ओढून घ्या, तेलाचा अंशही राहता कामा नये. टायमिंग लावायला एक छोटा बल्ब पुरे. बल्बची एक तार पॉइंटच्या तारेला, दुसरी अर्थला, चावी चालू. पान्यानं इंजिन हळूहळू फिरवा. पॉइंट उघडले की बल्ब पेटतो. तो नेमका रोटरवरची एफची खूण आणि अंगावरची रेघ समोरासमोर आल्यावर पेटला पाहिजे. हे काम एकदा स्वतः केलं की इंजिनात काय चाललंय ते डोळ्यांसमोर उभं राहतं.

चार्जिंग बघताना: भरलेली १२ व्होल्टची बॅटरी उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास दाखवते, रेस केल्यावर १४ ते १४.५ दिसायला हवेत. साठच्या दशकातल्या गाड्यांतला चकत्या-चकत्यांचा सेलेनियम रेक्टिफायर अशक्त होत जातो. त्याजागी नवा सिलिकॉनचा बसवा आणि जुना काढून जपून ठेवा.

टू-स्ट्रोक असेल तर

यामाहा आरडी ३५०, सुझुकी जीटी ७५०, कावासाकीचा १९६९ चा तीन सिलिंडरचा एच१: यांना टॅपेट नाहीत, पण वेगळी नस आहे. क्रँकची सीलं. बरीच वर्षं उभं राहिल्यावर ती वाळतात. बाहेरच्या बाजूचं सील गळलं तर आत जास्तीची हवा जाते, मिश्रण पातळ होतं आणि भर वेगात पिस्टन धरतो. क्लचच्या बाजूचं गळलं तर इंजिन गियरबॉक्सचं ऑइल ओढतं. धूर संपत नाही आणि गियर ऑइल मात्र कमी होत जातं. इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून आत सुमारे ०.४ बार हवा भरा आणि सहा मिनिटं टिकते का बघा. ही तपासणी केल्याशिवाय टू-स्ट्रोक रस्त्यावर काढू नका.

ऑइल पंपाच्या नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. पंपावर विश्वास बसेपर्यंत पहिल्या टाकीत पेट्रोलमध्येही थोडं ऑइल मिसळा.

पहिल्यांदा चालू करताना

गाडी उघड्यावर न्या. आग विझवायचं नळकांडं हाताशी ठेवा. टाकी बसवू नका. वर टांगलेल्या छोट्या बाटलीतून पेट्रोल द्या, म्हणजे गळालं तरी थोडंच गळेल. प्लग काढून ठेवूनच किक मारत राहा, टॅपेटच्या झाकणाखाली ऑइलचा ओलावा दिसेपर्यंत. मगच प्लग लावा.

पहिली दहा मिनिटं पांढरा-निळा धूर येणार. सिलिंडरमध्ये आपणच तेल सोडलं होतं. तो कमी होत जातो का ते बघा. वर ठोकल्यासारखा आवाज आला तर बंद करा. आणि फोनवर तो पहिला आवाज रेकॉर्ड करा. दरवर्षी त्याच जागी, त्याच गरम स्थितीत पुन्हा करा. आवाजातला बदल रोजच्या कानाला कळत नाही. दोन वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण शेजारी लावलं की टायमिंग चेनची सळसळ लगेच कळते.

थांबणं आणि वळणं

गाडी चालू झाल्यावर ब्रेकशिवाय ‘एक चक्कर’ मारू नका. टायरवर कितीही नक्षी शिल्लक असली तरी जुना टायर बदला. बाजूवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे.

डिस्क ब्रेकमध्ये मास्टर सिलिंडरच्या तळाशी दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक जवळपास न दिसणारं. ते बारीक भोक बुजलं की दाबलेलं फ्लुइड परत येत नाही, ब्रेक हळूहळू धरायला लागतो आणि डिस्क तापते. कॅलिपर धरला म्हणून लोक तो तीनदा उघडतात, दोष मात्र वर हँडलवर असतो. फ्लुइड डॉट ३ किंवा डॉट ४, दर दोन वर्षांनी नवं. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता.

पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधोमध खाच लागल्यासारखं वाटलं तर स्टिअरिंगचे कप खराब झालेत. या गाड्यांत तिथं सुटे छर्रे असतात. उघडताना खाली फडकं अंथरा आणि मोजून घ्या.

वही

माझी पद्धत साधी आहे. प्रत्येक नोंदीत तारीख, किलोमीटर, काय उघडलं, काय दिसलं, काय बसवलं, कोणत्या नंबरचा भाग. ‘सर्व्हिस केली’ अशी नोंद निरुपयोगी. ‘डावा एक्झॉस्ट टॅपेट ०.१० वरून ०.०७ वर आला होता’ ही नोंद कामाची, कारण तीन वेळा तसंच झालं तर तो व्हॉल्व्ह त्याच्या बैठकीत रुतत चाललाय हे कळतं. न सुटलेल्या शंकाही लिहा. माझ्या वहीत ‘थंडीत दुसरा गियर अडतो, कारण कळलं नाही’ ही ओळ चार वर्षं तशीच होती. क्लचच्या प्लेटा बदलल्यावर ती सुटली आणि मी शेजारी बाण काढला.

आधीचा मालक सापडला तर त्याला भेटा, जुने फोटो मागा. गाडीचा मूळ रंग, काढून टाकलेलं कॅरियर, टाकीवरचा खड्डा कशानं पडला, सगळं विचारा. माझ्या टाकीच्या डाव्या बाजूला अंगठ्याएवढा खड्डा आहे. तो मी भरलेला नाही आणि टाकी रंगवलेलीही नाही. मूळ रंग एकदाच असतो. मळ काढा, गंज थांबवा, पण झीज राहू द्या. काढलेला प्रत्येक मूळ भाग, मोडका असला तरी, चिठ्ठी लावून डब्यात ठेवा.

लिहायला पेन्सिल घ्या. पेनची शाई पेट्रोलचा एक थेंब पडला की पसरते, पेन्सिलीचं टिकतं. आणि पानांचे फोटो काढून दुसरीकडे ठेवा.

मी नवी वही केली नाही. त्याच वहीत, त्या अनोळखी अक्षराच्या खाली लिहितो. उजव्या झाकणाच्या मागच्या खालच्या स्क्रूची जागा अखेर गेल्या महिन्यात मोठी करून तिथं तारेचे नवे आटे बसवले, आणि त्याच्या ओळीखाली नोंद केली: ‘आटे नवे. आता जोर चालतो.’